आम्ही ऐकलेले शाहीर साबळे



दरवर्षी ही पुस्तिका हातात आली की आपण आधी जाहिराती चाळतो, मग ओळखीच्यांचे फोटो शोधतो आणि लेख "नंतर वाचू" म्हणून पर्समध्ये टाकतो. आमच्याही घरी तसंच चालतं, त्यामुळे तक्रार नाही. पण यंदाचा हा लेख तेवढा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वाचावा, ही विनंती. आज पडदा वर गेल्यावर जे होणार आहे, त्यातलं निम्मं काम खुर्चीत बसलेल्यांनी करायचं आहे. ते काम कोणतं, हे सांगण्यासाठी ही चार पानं.

त्याचं असं झालं. यंदाचा निधी महाराष्ट्रातल्या वृद्ध लोककलावंतांसाठी जमवायचा आणि त्यासाठी लोकगीतांचा कार्यक्रम करायचा, असं ठरलं. मीटिंगमध्ये आमच्या एका तरुण सभासदाने विचारलं, "शाहीर म्हणजे पोवाडा म्हणणारा, एवढंच ना?" उत्तर द्यायला आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो आणि एकाचं दुसऱ्याला पटेना! शेवटी ठरलं की ज्यांनी शाहीर साबळे यांना प्रत्यक्ष ऐकलंय त्यांनी एका रविवारी दुपारी चहाला जमावं आणि जे आठवतं ते सांगावं. पाच-सहा जण येतील असा अंदाज होता. आले एकोणीस. कांदेपोहे कमी पडले, चहा तीनदा टाकावा लागला, आणि हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला तेव्हा कुठे आम्ही उठलो.

त्या दुपारी जे कळलं ते इथे सांगतो आहोत. नावं मुद्दाम देत नाही, ज्याचं त्याला समजेलच.

शाहीर साबळे म्हणजे कोण

ज्यांचा जन्म इकडचा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात ओळख. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या पसरणी गावी झाला. शिक्षणासाठी ते मामांकडे अमळनेरला गेले. तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण गाणं सुटलं नाही. बेचाळीसची चळवळ, मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा, या सगळ्यांत त्यांचा डफ वाजत राहिला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्या वेळी राजा बढे यांनी लिहिलेलं आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' साबळ्यांच्या आवाजात घरोघरी पोचलं. हेच गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं अधिकृत राज्यगीत झालं आहे. ते ऐकायला शाहीर नव्हते. २० मार्च २०१५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी ते गेले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री असे मान त्यांना मिळाले. त्यांचे नातू केदार शिंदे यांनी २०२३ मध्ये त्यांच्यावर 'महाराष्ट्र शाहीर' हा सिनेमा काढला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

ही झाली पुस्तकातली माहिती. आता कार्यक्रम कसा असायचा ते बघू.

एक जण म्हणतो, बाकीचे उचलतात

पोवाडा ऐकताना तरुण मंडळींना वाटतं की एक माणूस जोरजोरात गोष्ट सांगतो आणि मागचे तिघे-चौघे उगाच "जी जी जी" करतात. त्या मागच्यांना झीलकरी म्हणतात आणि त्यांचं काम उगाच नसतं. शाहीर ओळ म्हणतो, तिचा शेवट झीलकरी उचलतात आणि लांबवतात. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, पुढची ओळ जुळवतो आणि समोरच्या लोकांचे चेहरे वाचतो. लोक रंगलेत असं दिसलं तर प्रसंग वाढवतो, चुळबुळ दिसली तर आटोपता घेतो. म्हणजे झील ही शाहिराची विसाव्याची जागा आणि श्रोत्यांची आत शिरायची जागा. दोन-तीन कडवी झाली की पुढच्या रांगा झीलकऱ्यांच्या बरोबरीने म्हणायला लागतात, आणि मग झीलकरी किती आहेत ते मोजता येत नाही!

वाद्यं साधीच. शाहिराच्या हातात डफ, साथीला ढोलकी, तुणतुणं आणि झांज. गोंधळ असला की संबळ आला. डफ म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं. हवा दमट असली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी डफ शेकून घेतात. आपल्या तालमीत हा धडा आम्हाला चांगलाच मिळाला. ऑक्टोबरातली इंग्लंडची हवा, डफ आणला तर तो 'थप्प' वाजायचा. हॉलमध्ये काडी ओढायची सोय नाही, लगेच फायर अलार्म! शेवटी एका वहिनींनी घरून हेअर ड्रायर आणला आणि डफ बोलायला लागला. आज मध्यंतरात विंगेतून ड्रायरचा आवाज आला तर दचकू नका.

पोवाडा हा कार्यक्रमातला एक भाग. साबळ्यांनी तमाशाचा जुना सांगाडा घेतला. त्यात आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, म्हणजे मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची ती ठसकेबाज मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्याची टोलवाटोलवी, आणि शेवटी वग, म्हणजे नाट्य. या सांगाड्यात त्यांनी आजूबाजूचे विषय भरले आणि त्यातून त्यांची 'मुक्तनाट्यं' झाली. १९६० चं 'यमराज्यात एक रात्र' हे त्यातलं गाजलेलं. पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा' हा त्यांचा कार्यक्रम आला. त्यात वासुदेव, वाघ्या-मुरळी, गोंधळी, कोळी असे महाराष्ट्रभरचे गाण्या-नाचाचे प्रकार एका रात्रीत, एका मंचावर बघायला मिळायचे.

कुणी काय सांगितलं

आता आठवणी.

सगळ्यात आधी बोलल्या त्या आमच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आजी. बालपण परळच्या चाळीत, वडील गिरणीत. गणेशोत्सवात चाळीच्या पटांगणात कार्यक्रम होता. वडिलांची दुसरी पाळी, ते रात्री उशिरा सुटणार. आजींना गाणं फारसं आठवत नाही. त्यांना आठवतं ते असं की कार्यक्रम रंगात आला असताना मागून गिरणीची माणसं येत गेली, आधीच बसलेले सरकून जागा देत गेले, आणि वडील डबा हातात घेऊनच सतरंजीवर बसले. कपड्यांना कापूस चिकटलेला. थोड्या वेळाने ते झील म्हणायला लागले. आजी म्हणाल्या, "अहो, आमचे बाबा घरात कधी मोठ्याने बोलायचे नाहीत. ते गाऊ शकतात हे मला त्या रात्री कळलं." वडील गेल्याला चाळीस वर्षं झाली. त्यांचा आवाज कुठेही टेप केलेला नाही.

आम्ही जरा वेळ गप्पच बसलो. मग कुणीतरी चहा पुढे केला.

एक काका सातारा भागातले. त्यांच्या आठवणीत बैलगाडी, घोंगडी आणि कंदील. बॅटरीवरचा लाऊडस्पीकर मध्येच बंद पडला, तरी शाहिरांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत येत होता असं ते छातीठोकपणे सांगतात. "माईक त्यांच्यासाठी नव्हताच," काकांचं म्हणणं, "तो आमच्या सरपंचांच्या भाषणासाठी होता!"

एक मावशी पुण्याच्या. त्यांच्या घरी तमाशा हा शब्दसुद्धा उच्चारायची चोरी. पण शाहीर साबळ्यांच्या कार्यक्रमाला आई, मावशी आणि आजी अशा तिघी उघडपणे गेल्या आणि ह्यांनाही घेऊन गेल्या. मावशींनी पहिल्यांदा ढोलकी समोरून ऐकली ती तिथे. घरी आल्यावर आजी देवासमोर बसून तीच गवळण गुणगुणत होती. पुढे नर्सिंगच्या नोकरीसाठी मावशी इकडे आल्या. यॉर्कशायरच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून त्या मनातल्या मनात ती गवळण म्हणायच्या.

तुलनेने तरुण, म्हणजे आता पन्नाशीतल्या, एका ताईंनी 'लोकधारा' लहानपणी ठाण्याला पाहिली. त्यांना वाघ्या-मुरळीची भीती वाटली होती आणि वासुदेवाची टोपी हवी होती. आईने मोरपिसं आणि पुठ्ठा घेऊन तशी टोपी करून दिली. ताईंनी ती पुढे स्वतःच्या मुलासाठी लेस्टरमध्ये केली, शाळेच्या 'वर्ल्ड कल्चर डे'साठी. टीचरने विचारलं हे कोण, तर मुलाने सांगितलं, "मराठी फादर ख्रिसमस, पण तो रोज येतो." वासुदेवाची इतकी छान ओळख आम्हाला तरी कधी जमली नसती.

आणि एक दादा असे की त्यांनी शाहिरांना प्रत्यक्ष कधी ऐकलंच नाही. त्यांच्याकडे होती कॅसेट. १९८० च्या दशकात इकडे आले तेव्हा बॅगेत आईने लोणच्याच्या बरणीबरोबर ती घातली होती. रविवारी गाडी धुताना ते लावायचे. बरणी फुटली होती, कॅसेटला तेलाचा वास लागला होता, आणि तो वास अजून येतो असं ते सांगतात. ती कॅसेट त्यांनी आम्हाला दाखवायला आणली होती. आम्ही हुंगून पाहिली. खरंच येतो!

आठवणी जुळेनात

गंमत पुढे झाली. एकाच मुक्तनाट्याचा प्रयोग दोघांनी पाहिला होता, एकाने मुंबईत आणि दुसऱ्याने कोल्हापूरला. एक म्हणाले बतावणीत महागाईवरचा विनोद होता. दुसरे म्हणाले, छे, तो विनोद साखर कारखान्यावरचा होता. आवाज चढले. "तुम्ही बघितलंच नाही" इथपर्यंत मजल गेली. आम्ही मध्ये पडलो.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की दोघंही बरोबर असणार. बतावणीची रीतच तशी आहे. गोष्ट ठरलेली, पण बोलणं त्या गावचं. सोंगाडी त्या दिवसाचं वर्तमानपत्र वाचून, गावात चहाच्या टपरीवर कानोसा घेऊन मंचावर उभा राहतो. मुंबईच्या लोकांना रेशनच्या रांगेवर हसवायचं आणि कोल्हापूरच्यांना उसाच्या भावावर. त्यामुळे दोन गावांतले प्रयोग सारखे असतील ही अपेक्षाच चुकीची.

आणि इथेच या लेखाचा मुद्दा आहे. गाण्याची रेकॉर्ड निघाली, ती टिकली. मुक्तनाट्याची संहिता कागदावर राहू शकते. पण कोल्हापूरला त्या रात्री सोंगाड्या काय बोलला, लोक कुठे हसले, कोण उठून गेलं, कुणाच्या वडिलांनी झील धरली, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते फक्त तिथे बसलेल्यांच्या डोक्यात आहे. ती डोकी आता ऐंशीच्या पुढे आहेत.

एक अवघड आठवण

सगळ्याच आठवणी गोड नव्हत्या. त्याही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल.

१९६६ मध्ये साबळ्यांचं 'आंधळं दळतंय' हे मुक्तनाट्य आलं. मुंबईत मराठी माणूस मागे पडतो, बाहेरचे येऊन पुढे जातात, असा त्याचा विषय. शिवसेनेची स्थापनाही त्याच वर्षीची, आणि हे नाट्य त्या वातावरणात फार गाजलं. आमच्यातल्या एका काकांनी ते दादरला पाहिलं. तेव्हा ते विशीत होते, नोकरी शोधत होते. टाळ्या वाजवून हात दुखले असं ते म्हणाले. दीड-एक वर्षाने ते इंग्लंडला आले. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांचं बर्मिंगहॅमचं ते कुप्रसिद्ध भाषण झालं आणि त्याच आठवड्यात लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या बाजूने मोर्चा घेऊन पार्लमेंटवर गेले. काका त्या दिवशी कामावरून बसने घरी येत होते. बसमध्ये लोक जे बोलत होते त्यातलं अर्धं त्यांना दादरला ऐकल्यासारखं वाटलं. "फक्त या वेळेला बाहेरचा मी होतो," ते म्हणाले.

यावर चर्चा झाली. एक जण म्हणाले, दोन्हींची बरोबरी करू नका, गिरणी कामगाराच्या पोराचं दुःख खरं होतं. दुसरे म्हणाले, गोदी कामगाराचंही त्याला खरंच वाटत होतं. एकमत झालं नाही आणि आम्ही ते घडवूनही आणलं नाही. पण काकांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवावीशी वाटते. शाहिराच्या आवाजात ताकद असते म्हणूनच तो काय म्हणतो हे ऐकणाऱ्याने घरी जाऊन तपासायचं असतं, आणि त्यांना ते तपासायला दोन वर्षं आणि एक बसचा प्रवास लागला.

दुसरं नाव

त्या दुपारी आणखी एक नाव सारखं येत राहिलं, शाहीर विठ्ठल उमप यांचं. जन्म १९३१ चा, मुंबईतल्या नायगावचा. पोवाडा, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली आणि भीमगीतं, सगळं त्यांच्या गळ्यात. 'जांभूळ आख्यान' त्यांनी गाजवलं. आपल्या शेजारच्या आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, १९८३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सवात त्यांनी भारताला पहिला क्रमांक मिळवून दिला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच ते कोसळले आणि त्यातच गेले.

आमचे एक सभासद नागपूरचे. त्यांनी सांगितलं की त्यांच्या वस्तीत शाहिराचा कार्यक्रम म्हणजे करमणूक नव्हे, शाळा होती. बाबासाहेबांचं चरित्र त्यांच्या आजोबांनी वाचलं नाही, कारण वाचता येत नव्हतं. त्यांनी ते ऐकलं, आणि पाठ केलं. नातवाला इंग्लंडला पाठवताना आजोबांनी स्टेशनवर जे चार शब्द सांगितले ते गाण्यातलेच होते. कोणत्या गाण्यातले ते त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं. एका जयंतीला भीमगीत लागलं आणि आजोबा एकदम समोर उभे राहिले.

साहेबांनी काय केलं

तुम्ही म्हणाल, आठवणी गोळा करायचं हे खूळ कुठून काढलं? खरं सांगायचं तर यात इंग्रजांचा थोडा हात आहे.

मराठी पोवाडे पहिल्यांदा नीट गोळा करून छापले ते हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या जोडीने, १८९१ मध्ये. अ‍ॅक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं, म्हणजे आपल्यासारखंच लोककला आणि धर्मादाय असं दुहेरी वेड! त्यांनी काही पोवाड्यांचं इंग्रजी पद्य रूपांतर केलं आणि ते १८९४ मध्ये इथे, लंडनमध्ये छापलं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पोवाडा थेम्सकाठी येऊन पोचला होता. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना १९३२ ची, आपल्यापैकी बहुतेकांची विमानं त्यानंतरची.

इथल्या लोकगीतांचंही तसंच. सेसिल शार्प यांनी १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका माळ्याच्या तोंडून पहिलं गाणं ऐकलं आणि टिपून घेतलं. पुढे त्यांनी हजारो गाणी जमवली. त्यांच्या नावाचं 'सेसिल शार्प हाऊस' १९३० पासून कॅम्डनमध्ये उभं आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जाऊन या. पबच्या माडीवर भरणाऱ्या इथल्या फोक क्लबात बसलात तर तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. गायक कडवं म्हणतो, धृपद सगळा क्लब उचलतो. भाषा वेगळी, झील तीच.

या मोठ्या माणसांनी शब्द वाचवले, चाली वाचवल्या, त्यांचे उपकारच आहेत. पण पोवाडा सांगणाऱ्यासमोर १८९१ मध्ये कोण बसलं होतं आणि ते कुठे हुंकार देत होते, हे आज कुणाला सांगता येणार नाही. ऐकणाऱ्यांची बाजू निसटली ती निसटलीच. आपल्या पिढीच्या शाहिरांबाबत अजून ती हातात आहे. एवढंच आमचं म्हणणं.

पैसे कशासाठी

आता कामाचं बोलू.

कलावंत मंचावर असतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मंच सुटल्यावर त्याचं काय होतं हे आपण विचारत नाही. लोककलावंताची कमाई हंगामी. जत्रा, उरूस, लग्नं, उत्सव. २०२० मध्ये ऐन चैत्राच्या जत्रांच्या तोंडावर लॉकडाऊन लागलं, २०२१ चा हंगामही गेला. ज्यांचं पोट त्या चार महिन्यांवर वर्षभर चालतं त्यांच्या घरची ढोलकी तेव्हा विकली गेली असेल तर नवल नाही. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देतं. २०२४ पासून ते महिना ५,००० रुपये आहे. आपल्या पौंडात मोजलं तर चाळीसच्या आसपास. आपल्या चार जणांच्या कुटुंबाचं एका संध्याकाळचं बाहेरचं जेवण त्यात बसत नाही.

शाहीर साबळ्यांना ही काळजी होती. वृद्ध आणि गरजू कलावंतांना हक्काचं छप्पर मिळावं म्हणून त्यांनी आपल्या पसरणी गावी आश्रमाचं काम हाती घेतलं होतं. स्वतः नाव कमावलेल्या माणसाने मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांची आठवण ठेवली, हे आम्हाला त्यांच्या पद्मश्रीइतकंच मोठं वाटतं. आपणही झीलकऱ्यांसाठीच मागतो आहोत. मोठ्या शाहिरांची नावं राहतात. तुणतुणं धरणाऱ्याचं नाव पोस्टरवर नसतं.

एक सूचना. तिकिटाचे पैसे ही देणगी धरली जात नाही. त्यामुळे देणगी वेगळी द्या आणि पुस्तिकेच्या शेवटचा 'गिफ्ट एड'चा फॉर्म भरा. तुम्ही इथे टॅक्स भरत असाल तर तुमच्या प्रत्येक पौंडावर सरकारकडून पंचवीस पेन्स जास्तीचे मिळतात, तुम्हाला काही जादा पडत नाही. गेल्या खेपेला पुष्कळांनी फॉर्मवर सही केली पण पोस्टकोड लिहिला नाही. कृपया लिहा!

आणि आठवणी कशा द्याल

पैसे तर द्याच, पण दुसरी देणगीही हवी आहे. घरात आजी-आजोबा असतील, भारतात आई-वडील असतील, तर या आठवड्यात त्यांना फोन करा आणि विचारा. "शाहीर साबळे ऐकले होते का?" असं विचारलं तर "हो, छान होते" एवढंच उत्तर येतं, आमचा अनुभव आहे. म्हणून असं विचारा: कुठे ऐकलं, कोणत्या साली, बरोबर कोण होतं, कुठे बसला होता, रात्री घरी कसे आलात, कोणत्या ठिकाणी लोक हसले, काय आवडलं नाही. शाहीर साबळेच असले पाहिजेत असंही नाही. गावचा गोंधळी असेल, वासुदेव असेल, दारावर येणारा नंदीबैलवाला असेल. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण करण्याआधी त्यांना तसं सांगा आणि विचारा. मध्ये दुरुस्त करू नका. साल चुकलं तरी चालेल. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा, कारण कोल्हापूर आणि मुंबईचं आम्ही वर सांगितलंच आहे.

ही रेकॉर्डिंग आपल्या मंडळाच्या संग्रहात ठेवू. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांचं नाव येणार नाही.

आता फार वेळ घेत नाही, घंटा होईल. आज मंचावर आहेत ती बहुतेक इथलीच मुलं. त्यांचं मराठी तुमच्या-आमच्याइतकं सफाईदार नाही, 'ळ' अजून जिभेवर बसत नाही. पण गेले तीन महिने दर शनिवारी फुटबॉल सोडून ती तालमीला आली आहेत. ती ओळ म्हणतील आणि थांबतील. तेव्हा मोबाईल खाली ठेवा आणि ओळ उचला. परळच्या आजी पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी तर आम्हाला बजावूनच ठेवलंय की कुणी नाही म्हटलं तरी मी म्हणणार.

त्यांना एकटं म्हणायला लावू नका.



आपले,
कार्यकारी मंडळ